बिनवायरचा झाडू



गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वहिनी भर दुपारी दारात येऊन बसल्या. डोळे भरलेले. त्या खारघरला एका टॉवरमध्ये तीन घरची धुणीभांडी, केरलादी करतात. त्यातल्या एका घरी बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर आहे, बॅटरीवर चालणारा, काठीसारखा उभा. मालकीणबाईंनी सांगितले, फिल्टर धुऊन लाव. वहिनींनी धुतला, झटकला, कपड्याने टिपला आणि लावला. दोन दिवसांत मशीनला कुबट वास येऊ लागला आणि चौथ्या दिवशी ते बंदच पडले. "तूच बिघडवलंस," म्हणून महिन्याच्या पगारातून दुरुस्तीचे दीड हजार रुपये कापले.

"ताई, माझं चुकलं काय, तेवढं तरी कोणी सांगायचं होतं," वहिनी म्हणाल्या.

चुकले एवढेच की फिल्टर आतून ओला राहिला होता. वरून कोरडा दिसतो, पण घड्यांमध्ये पाणी धरून ठेवतो. तो सावलीत, वाऱ्यावर निदान २४ तास वाळवावा लागतो, आणि आपल्या पनवेलच्या श्रावणात तर दोन-दोन दिवस. जिथे पोरांच्या शाळेचा गणवेश वाळत नाही, तिथे फिल्टर काय वाळणार? पण ही चूक वहिनींची, की न शिकवता मशीन हातात देणाऱ्यांची, हे तुम्हीच ठरवा.

आज नवीन पनवेल, कामोठे, खारघर इथल्या इमारतींमध्ये आपल्या कितीतरी बायका कामाला जातात. झाडूच्या जागी ही मशीन येत आहेत. मशीन त्यांचे असते, चालवणारा हात आपला असतो, आणि बिघडले की भरपाईही आपली. म्हणून आपल्या घरी ते असो वा नसो, ते कसे चालते हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

कल्पना जुनी आहे. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने पहिले मोठे धूळशोषक यंत्र बनवले. ते घोडागाडीवर रस्त्यात उभे राही आणि लांब नळ्या खिडकीतून घरात सोडत. आपल्याकडे १९८२ साली युरेका फोर्ब्स कंपनी सुरू झाली, तिचे टाय लावलेले विक्रेते दारोदार जाऊन गादीतली धूळ काढून दाखवत. ती सगळी वायरची मशीन. वायर सुटली ती मुख्यतः लिथियम-आयन बॅटरीमुळे. १९९१ साली ही बॅटरी बाजारात आली. ती घडवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल मिळाले, त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आपल्या मोबाइलमध्ये असते तीच जातीची बॅटरी.

आता आतली गोष्ट. मशीनमध्ये एक मोटार पंखा गरगर फिरवते. पंखा हवा मागच्या बाजूने बाहेर फेकतो, आत हवा विरळ होते, आणि ती जागा भरायला तोंडाकडून हवा धावत येते. येताना धूळ घेऊन येते. डब्यात हवा गोल फिरते, जड कचरा कडेला जाऊन खाली पडतो आणि बारीक धूळ फिल्टरला अडते. बस्स, एवढेच. बहुतेक मशीनमध्ये हीच हवा मोटारीला थंडही ठेवते. म्हणून हवेची वाट कुठेही तुंबली की दोन गोष्टी एकदम होतात: मशीन ओढत नाही आणि मोटार तापते.

वाट तुंबते ती डबा भरल्यावर, फिल्टर चोंदल्यावर, नाहीतर खालच्या ब्रशला केस गुंडाळल्यावर. आपल्या लांब केसांचा तर रुळाला दोरखंडच होतो. मशीन बंद करावे, बॅटरी निघत असेल तर काढावी, मगच हात घालावा आणि केस कात्रीने कापून काढावेत. डबा प्रत्येक वेळी रिकामा करावा, पण घरात फटकन उघडू नये. कागदावर किंवा पिशवीत तोंड खाली धरून हळू उघडावा, नाहीतर काढलेली सगळी धूळ पुन्हा आपल्याच नाकात.

काही वस्तू ओढूच नयेत. पाणी, ओला केर, सांडलेले दूध नाही. डासांच्या उदबत्तीची गरम राख नाही. टाचण्या, काचा नाहीत. आणि खारघर-तळोज्याकडे काम करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावे: नव्या फ्लॅटमध्ये सुतारकाम, फरशीकाम झाले की "मशीन फिरव ना," असे हमखास सांगतात. सिमेंटची, पीओपीची पूड फिल्टरला लिंपून बसते. एका दिवसात मशीन गळ्याशी येते आणि आळ कोणावर येतो ते वहिनींना विचारा. तिथे ओल्या फडक्यानेच पुसावे, आणि तोंडाला रुमाल बांधून, कारण ती पूड फुप्फुसालाही चांगली नाही.

बॅटरीचेही असेच. मंद वेगावर मशीन अर्धा-पाऊण तास चालते, पण मोठ्या वेगावर आठ-दहा मिनिटांत संपते. फरशीला मंद वेग पुरतो. मोठा वेग गादी, सोफा, पायपुसणे यांच्यासाठी ठेवावा. चार्जिंगला लावायचे ते त्याच्याच चार्जरने, उन्हात नाही, गॅसजवळ नाही, गादीवर तर मुळीच नाही. बॅटरी फुगलेली दिसली किंवा जळका वास आला तर हात न लावता मालकांना लगेच सांगावे. आणि वापरून दोन-तीन वर्षे झाली की बॅटरी आपोआप कमी टिकू लागते. तो तिच्या वयाचा दोष आहे, कामवालीचा नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल.

आता प्रश्न आपल्या घरी घ्यावे का याचा. सात-आठ हजारांपासून पुढे किंमत आहे, चांगल्या नावाची तर पन्नास हजारांच्याही वर. विजेचा खर्च मात्र नगण्य. साधी बॅटरी दहा-बारा वेळा भरली तरी एक युनिट पुरे होते. माझे मत विचाराल तर दहा बाय बाराच्या खोलीसाठी हप्त्याने मशीन घेऊ नये. कुंचा आणि ओले फडके तेवढेच काम करतात. कुणाची कंबर धरते, गुडघे वाकत नाहीत, किंवा घरात दम्याचे मूल आहे, तिथे गोष्ट वेगळी. सुक्या झाडूने बारीक धूळ वर उडते आणि बराच वेळ हवेत तरंगते. आणि आपल्याकडे धुळीला काय तोटा! ठिकठिकाणी इमारती उठताहेत, ट्रक रात्रंदिवस चालतात, विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानेही उडू लागली. दमट हवेत गादीत बारीक किडे वाढतात, त्यांची विष्ठा दमेकऱ्याला त्रास देते. मशीनने तो त्रास थोडा कमी होतो, जात नाही. चादरी गरम पाण्यात धुणे, गादीला ऊन दाखवणे आणि डॉक्टरांचे औषध हे चुकत नाहीच. अशा घरानेही आधी वायरचे मशीन पाहावे, निम्म्या पैशांत जास्त ओढते. बिनवायरचेच हवे असेल तर बॅटरी सुटी मिळते का आणि केवढ्याला, हे दुकानात आधी विचारावे.

एक गंमत सांगते. माझ्या जावेने जुने मशीन स्वस्तात घेतले. तिचा मुलगा कॉलेजात जातो, आजवर त्याने कुंच्याला हात लावला नव्हता. बटण आले तसा तो रोज घर झाडतो! पंख्याची पाती, खिडकीच्या खाचा, पलंगाखालची ट्रंक, सगळे. कुंचा बाईचा आणि बटण पुरुषाचे, असे कोणी लिहून ठेवले आहे का? जावेने मात्र त्याला डबा रिकामा करायलाही लावले, ते बरे केले.

झाडू हातात घेताना आपल्या माणसाला आणखीही काही आठवते. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. तेव्हा झाडू कोणाच्या हाती आणि हुकूम कोणाचा, हा प्रश्न आपल्यासाठी नुसता केराचा नाही. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या बायकांना कामगार कार्यालयात नोंदणी करता येते. वहिनींनी केली नव्हती, आता केली.

त्यानंतर वहिनींनी मालकीणबाईंना फिल्टरच्या घड्या उलगडून दाखवल्या आणि सांगितले, दुसरा फिल्टर आणा, एक वाळत असताना एक लावता येईल. बाई समजूतदार निघाल्या, फिल्टर आणला. आता एक गॅलरीत दोरीला चिमट्याने टांगलेला असतो. कापलेल्या दीड हजारांतले पाचशे परत मिळाले. हजार अजून बाकी आहेत, आणि वहिनी दर एक तारखेला त्यांची आठवण करून देतात.