आरोग्यचिंतन : सदाफुलीचे औषध आणि मुलाची कातडी

घरात मुलाला कर्करोगाचे निदान झाले की केस जाणार, ही धास्ती सर्वांनाच असते. ते बहुधा परत येतात, क्वचित पोत बदलून. त्वचेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. आणि आईचे लक्ष सर्वाधिक जाते ते तेथेच.

किमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. केसांची मुळे, नखांचा गाभा, तोंडाचे अस्तर आणि त्वचा यांतील पेशीही तशाच वेगवान असल्याने त्या घावातून सुटत नाहीत. नखांवर आडव्या रेषा उमटतात, बोटांचे सांधे काळवंडतात. ब्लिओमायसिनने तर पाठीवर चाबकाचे वळ उठल्यासारखे पट्टे दिसू शकतात, आणि नातलग नको ते प्रश्न विचारतात! सायटाराबिनने तळहात-तळपाय लाल होऊन जळजळतात. मेथोट्रेक्सेट चालू असताना ऊन सोसत नाही. थिओटेपा हे औषध घामावाटेही बाहेर पडते, म्हणून परिचारिका दिवसातून अनेकदा आंघोळ घालण्यास सांगतात. हा केवळ स्वच्छतेचा आग्रह नव्हे.

यातील बरेचसे कालांतराने निवळते. एका गोष्टीत मात्र क्षणाचाही विलंब चालत नाही.

अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात फार मोलाचे ठरले आहे. ते शिरेतच गेले पाहिजे. थेंबभर बाहेर झिरपले तरी भोवतालची त्वचा व मांस जळून जखम होऊ शकते. डॉक्सोरुबिसिनचेही तसेच. म्हणून सुई लावलेल्या जागी आग होते, असे मूल म्हणाले, तर ‘थोडे सोस, बाळा’ हे आपल्या घरांतले नेहमीचे वाक्य तेथे उच्चारू नये. तत्क्षणी परिचारिकेला हाक मारावी. स्वतः बर्फही लावू नये: डॉक्सोरुबिसिनला थंड शेक देतात, तर व्हिन्क्रिस्टिनला गरम. कोणते औषध चालू आहे, हे ठाऊक असलेल्यानेच ते ठरवावे. जे मूल अजून बोलत नाही, त्याचा हात पांघरुणाखाली झाकून ठेवू नये.

अॅस्पॅराजिनेजचे इंजेक्शन दिल्यावर अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास घेणे जड झाले, तर तीही तातडीचीच वेळ समजावी. पुरळासोबत ताप आला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे, कारण या काळात पांढऱ्या पेशी कमी असतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. शेजारी किंवा शाळेत कोणाला कांजिण्या झाल्याचे कळले, तर पुरळाची वाट न पाहता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

उटणे, हळद, लिंबू, सुगंधी तेल ही सारी वडीलधाऱ्यांची माया खरी. पण सोललेल्या त्वचेला ती झोंबते. कोमट पाणी, सौम्य साबण, बिनवासाचे मलम, मऊ सुती कपडे एवढे बहुधा पुरते. मलमदेखील उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच लावावे.