पायरीचा हिशेब

लास व्हेगासहून आलेले आमचे एक स्नेही सीझर्स द्यूतगृहांतील आपली ‘डायमंड’ पायरी मोठ्या अभिमानानें सांगूं लागले, तेव्हां आम्ही कागदपेन्सिल घेऊन बसलों. ही पायरी जिंकण्यावर मिळत नाहीं. पणास लाविलेल्या रकमेवर मिळते. व्हिडिओ पोकरच्या यंत्रावर १० डॉलरांस एक गुण, आणि गुण हवेत १५,०००. म्हणजे वर्षांत दीड लक्ष डॉलर यंत्रांतून फिरले पाहिजेत. पांच डॉलरांचा डाव धरल्यास तीस हजार डाव!

‘जॅक्स ऑर बेटर’ या खेळांत ‘फुल हाउस’ला नऊपट व ‘फ्लश’ला सहापट देणारें यंत्र बिनचूक खेळणारास शेंकडा ९९.५४ परत करतें. एवढ्या उलाढालींत तोटा सरासरी ६९० डॉलर. आठपट व पांचपट देणारें यंत्र दिसण्यांत तसेंच, पण तोटा चार हजारांवर. हे दर पडद्यावरच लिहिलेले असतात. शकुनीनें धर्मराजास एवढीहि सवलत दिली नव्हती. आमच्या स्नेह्यांनीं ते वाचलेच नव्हते. निराळी रांग मिळाली, एवढ्यावर ते तृप्त!

१ जानेवारीस गुणांची पाटी कोरी होते. पायरी टिकविण्यास नऊशें गुण कमी, म्हणून डिसेंबरांत ते पुनः निघाले आहेत. “भाऊजी, नऊशें गुण म्हणजे किती हो?” वहिनींनीं हळूच विचारलें. आम्ही कागदावर ९,००० डॉलर लिहून तो त्यांच्यापुढें सारला.