बालाघाटावरील बिनतारी सामने

आमच्या जिल्ह्याचें नांव निघालें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें दुष्काळ उभा राहतो आणि ऊसतोडीस निघालेलीं बिऱ्हाडें दिसूं लागतात. हें चित्र खोटें नाहीं. परंतु तें पुरें नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे. ज्या बालाघाटाच्या माथ्यावर पाणी ठरत नाहीं, तोच माथा एका विद्येस फार सोयीचा आहे. त्या विद्येचे सामने आपल्या जिल्ह्यांतील शाळांनीं भरवावेत, असें आम्हांस वाटतें.

ही विद्या म्हणजे हौशी बिनतारी, जीस सर्वत्र हॅम रेडिओ म्हणतात. नफ्याची अपेक्षा न ठेवितां, सरकारचा परवाना काढून, आपल्या यंत्रावरून दुसऱ्या हौशी मनुष्याशीं बोलावयाचें, हें तिचें स्वरूप. लघुलहरी आकाशांतील विद्युद्भारित थरांवरून परतून समुद्रापलीकडे जातात. त्यांहून आंखूड, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झ व त्यापुढील लहरी बहुधा सरळ जातात आणि डोंगर आडवा आला कीं अडतात. म्हणून येथें श्रीमंताच्या मोठ्या यंत्रापेक्षां गरिबाची उंच जागा पुष्कळदां वरचढ ठरते. सपाट रानांत १० मीटर उंच काठी उभारिली तर रेडिओचें क्षितिज सुमारें १३ किलोमीटरांवर असतें. १०० मीटर उंच टेकडीवर चढलें कीं तेंच सुमारें ४१ किलोमीटरांवर जातें, आणि समोरचा गडीही तितक्याच उंचीवर असेल तर अंतर दुप्पट होतें. मांजरसुंब्याचा घाट चढून जाणारा प्रत्येक प्रवासी हें क्षितिज फुकट मिळवीत असतो.

आमच्या वयाच्या पालकांस हें तत्त्व चांगलें ठाऊक आहे. अंबाजोगाईच्या मनोऱ्यावरून दूरदर्शन येत असे त्या काळीं, छपरावर चढून एरियल फिरवीत, "आलें का? आलें का?" असें कोणीं विचारिलें नाहीं? तें एरियल जपानांतील उडा व यागी या शास्त्रज्ञांनीं १९२६ सालीं जगापुढें मांडलेलें. १४४ मेगाहर्ट्झची लहर सुमारें २ मीटर लांब, म्हणून तिच्या एरियलाची एकेक कांडी सुमारें १ मीटरची. एक लांकडी दांडा, थोडी जाड तार, करवत आणि मोजपट्टी एवढ्या साहित्यावर नववीचीं मुलें तें करूं शकतील. सूक्ष्मलहरींचें काम मात्र नाजूक. १० गिगाहर्ट्झला लहर ३ सेंटिमीटरांची. तबकडी जराशी हलली कीं बोलणें तुटतें. (अवघ्या कांहीं मिलिमीटरांच्या लहरींवर जगदीशचंद्र बसूंनीं कलकत्त्यास १९०० पूर्वींच प्रयोग केले होते, हें मुलांस जरूर सांगावें.)

आतां सामन्याविषयीं. यूरोपांत सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारीं आरंभ होऊन २४ तास हा सामना चालतो. प्रत्येक संभाषणांत आवाजाची प्रत, अनुक्रमांक व आपलें ठिकाण एवढेंच सांगावयाचें, आणि दोघांमधील अंतराच्या दर किलोमीटरास एक गुण. नंतर सर्वांच्या नोंदवह्या एकमेकींशीं ताडून पाहतात. एक अक्षर चुकीचें टिपलें तरी तें संभाषण बाद. आम्हांस या खेळांत सर्वांत मोलाचें वाटतें तें हेंच. आमच्या शाळांतून वक्तृत्वास बक्षिसें आहेत, पाठांतरास आहेत. नीट ऐकण्यास कोठें बक्षीस आहे? खरखरींतून क्षीण आवाज वेंचून काढणें, कळलें नसल्यास कळलें नाहीं असें सांगून पुन्हां विचारणें, आणि अंदाजानें कांहीं न लिहिणें, ही संवय गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल.

ठिकाण सांगण्याची रीत मोठी गमतीची आहे. १९८० सालीं इंग्लंडांतील मेडनहेड गांवीं झालेल्या बैठकींत पृथ्वीचे चौकोन पाडण्याची एक पद्धत ठरली. प्रत्येक चौकोन रेखांशाचे २ अंश व अक्षांशाचा १ अंश एवढा. आमच्या भागांत सुमारें २१० किलोमीटर लांब व १११ किलोमीटर रुंद. ७६ रेखांश व १९ अक्षांश या रेषा वडवणीच्या आसपास एकमेकींस छेदतात, म्हणून आमच्या एका जिल्ह्यांत चार चौकोन येतात. बीड शहर एमके ७८ च्या अगदीं वरच्या कडेस, अंबाजोगाई एमके ८८ मध्यें, गेवराई एमके ७९ मध्यें आणि माजलगांव एमके ८९ मध्यें. अमेरिकेंतील जूनच्या सामन्यांत जितके निराळे चौकोन गांठावे तितके गुण वाढतात. तेथील खेळाडू त्यासाठीं मोटारींतून यंत्रें घेऊन फिरतात. आम्हांस तें एस. टी.च्या तिकिटांत साधेल!

आमच्या इकडे या लहरींवर मंडळी थोडी, म्हणून यूरोपासारखी गर्दी मिळणार नाहीं. तेव्हां या चार गांवांच्या शाळांनींच आपसांत सामना भरवावा. बीड व अंबाजोगाई यांत सरळ रेषेनें सुमारें ७० किलोमीटर अंतर आहे. टेकडी शोधल्यावांचून तें जिंकतां येणार नाहीं. गेवराई व माजलगांव गोदावरीच्या खोऱ्यांतलीं. त्यांनीं काठी उंच करावी, एरियल लांब करावें.

पालक म्हणतील, खिशांत मोबाईल असतांना हा खटाटोप कशास? मोबाईल दुसऱ्यांनीं उभारिलेल्या मनोऱ्यांवर चालतो. डिसेंबर २००४ मध्यें भारती प्रसाद व त्यांचे सोबती हौशी बिनतारीसाठींच पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेस सुनामी आली, आणि लघुलहरींवर गप्पा मारणारें तेंच यंत्र अंदमानचे निरोप मुख्य भूमीस पोंचवूं लागलें. १९९३ च्या भूकंपाचें किल्लारी आमच्या अंबाजोगाईपासून १०० किलोमीटरांच्या आंत आहे, हें येथें कोणास सांगावयास नको.

रविवारच्या उपासनेची अडचण कोणीं काढील, तर सामना आपला आहे, तो शनिवारीं ठेवितां येईल. खर्चाची अडचण खरी आहे. यंत्र विकत घ्यावें लागेल, आणि तें एका शाळेस जड जाईल. परवान्याची मात्र तितकी नाहीं. १९७८ च्या नियमांत शाळेसही परवान्याची सोय केलेली होती, आणि परीक्षेस १२ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी बसूं शकते. प्रथम शिक्षकांपैकीं दोघांनीं ती द्यावी. आणि वडवणीच्या बाजूस ज्या पालकांचें उंचवट्यावर शेत असेल, त्यांनीं एक दिवस काठी रोवूं देण्याची तयारी असल्यास मुख्याध्यापकांकडे नांव कळवावें.