वाघीण विकत मिळत नाही

मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. वॅगनची वाघीण करणारा जो कोणी हमाल, पॉइंट्समन किंवा गार्ड असेल, त्याला माझा साष्टांग दंडवत. भाषाशुद्धीच्या समित्यांना जे बैठकांवर बैठका घेऊन साधलं नाही, ते या गृहस्थाने बिडी ओढता ओढता करून टाकलं. आज मला या वाघिणीच्या बाजूने भांडायचं आहे. खऱ्या वाघिणीच्या नव्हे. ती आपली काळजी घ्यायला समर्थ आहे. मी म्हणतोय ती खेळातली, टेबलावर मावणारी, खरीपेक्षा सत्त्याऐंशी पट लहान केलेली वाघीण. आणि माझं भांडण आहे ती तयार विकत आणून, खोक्यातून काढून, काचेच्या कपाटात ठेवून 'आम्ही मॉडेल रेल्वेचे शौकीन' म्हणवणाऱ्या मंडळींशी.

शेवगावच्या माणसाने आगगाडीबद्दल बोलावं, यालाच काही जणांची हरकत असते. 'तुमच्याकडे रेल्वे आहे कुठे?' असं विचारतात. नाही, हे खरं आहे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला, तो नगर, राहुरी, श्रीरामपूर करत आमच्या पश्चिमेकडून निघून गेला. त्यानंतर आम्ही शंभरावर वर्षं वाट पाहिली. मग नगर-बीड-परळी मार्ग निघाला. त्यावरची गाडी २०२२ साली आष्टीला पोचली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला पोचली. पण ती आमच्या दक्षिणेकडून. म्हणजे दोन्ही बाजूंनी रुळांनी आम्हाला व्यवस्थित वळसा घातला आणि मध्ये आम्ही एसटी स्टँडवर पाथर्डी, पैठण, नेवासे असल्या पाट्या वाचत बसलो. पण लक्षात ठेवा, पंगतीला न बोलावलेला माणूसच जिलबीची जास्त चौकशी करतो. आगगाडीचा विचार शेवगावात जितका होतो तितका दादरच्या प्लॅटफॉर्मवर होत नसेल. तिथे गाडीत शिरायचं असतं. विचार करायला सवड कुठली?

ज्यांना हा नाद ठाऊक नाही त्यांनी एकदा पुण्याला कोथरूडला जाऊन यावं. भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथे १९९८ पासून आहे. एका दालनात अख्खं गाव, डोंगर, पूल, सिग्नल आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. पोरं बघतात आणि पोरांच्या निमित्ताने बाप बघतात. ते पाहून परत येणाऱ्या माणसांचे दोन पंथ होतात. एक पंथ म्हणतो, 'असली गाडी कुठे विकत मिळते?' दुसरा म्हणतो, 'असली गाडी करतात कशी?' पहिले ते रेडीमेडवाले, दुसरे ते किटवाले. या दोघांत पुणेरी आणि कोल्हापुरी मिसळवाल्यांपेक्षा जास्त वैर असायला हवं. ते नाही, ही माझी तक्रार आहे.

किट म्हणजे काय ते आधी सांगतो. एका खोक्यात प्लॅस्टिकच्या दोनचार चौकटी असतात आणि त्या चौकटींना, वेलीला वालाच्या शेंगा लागाव्यात तसे वाघिणीचे अवयव लागलेले असतात. बाजू, तळ, बफर, ब्रेकचा दांडा, चाकांच्या पेट्या. एकेक अवयव चाकूने कापायचा, कडा घासायची, पातळ सिमेंट लावून चिकटवायचा. हे सिमेंट म्हणजे साधा गोंद नव्हे. ते प्लॅस्टिकलाच किंचित विरघळवतं आणि दोन तुकडे वाळून एकजीव होतात. शेवटी रंग द्यायचा आणि पाण्यात भिजवलेली अक्षरं हलक्या हाताने सरकवून बसवायची. रेडीमेडमध्ये यातलं काही नाही. खोकं उघडलं की वाघीण तयार. तिच्यावरचा मजकूर भिंगातून वाचता येतो, चाकं धातूची असतात आणि ती गुळगुळीत पळते.

पुण्याच्या आमच्या मेहुण्यांकडे अशा अकरा वाघिणी आहेत. सगळ्या खोक्यात. बाहेर काढल्या तर किंमत उतरते म्हणे! मी म्हटलं, "दाजी, मग त्यात वाघीणच आहे हे कशावरून?" तर ते म्हणाले, "खोक्यावर चित्र आहे की." म्हणजे माणूस आता वाघिणीचाही शौकीन राहिला नाही, खोक्याचा झाला.

रेडीमेडवाल्यांचा पहिला दावा असा, की तयार माल अचूक असतो. आता या अचूकपणाची गंमत ऐका. इंग्लंडात जे माप सर्वांत जास्त चालतं त्यात गाडी खरीच्या १/७६.२ असते. तिकडचा खरा रूळ १४३५ मिलिमीटर रुंद. भागाकार केला तर खेळातला रूळ १८.८३ मिलिमीटर हवा. पण तो असतो १६.५! कारण तो रूळ १/८७ मापाच्या गाड्यांचा. त्यावर जरा मोठी गाडी बसवून दिली आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच चालली आहे. तुमची अक्षरं भिंगातून वाचता येतात, पण गाडी मात्र थोरल्या भावाने धाकट्याची चप्पल घालावी तशी उभी असते. आपल्या ब्रॉडगेजची तर गोष्टच सोडा. १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागलं तर १९.३ येतात. म्हणजे बाजारच्या तयार रुळावर आपली वाघीण तीन मिलिमीटर पाय आखडूनच उभी राहणार.

आणि मुळात आपली वाघीण तयार मिळते कुठे? मोठ्या परदेशी कंपन्यांच्या यादीत जर्मन डबे आहेत, इंग्रजी कोळशाचे डबे आहेत, अमेरिकेचे धान्याचे डबे आहेत. आपली बॉक्स-एन वाघीण, जी १९८० च्या दशकात आली आणि गेली चाळीस वर्षं या देशाचा कोळसा वाहते आहे, ती त्या यादीत शोधणं म्हणजे मुंबईच्या लोकलमध्ये बसायला जागा शोधणं. म्हणून आपला रेडीमेडवाला काय करतो? इंग्लंडमधल्या कुठल्याशा बंद पडलेल्या खाणीचा डबा आणतो. इंग्रजी भाषेला वाघिणीचं दूध म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ते दूध पिऊन झालं; आता वाघीणही तिकडचीच!

किटवाल्याची गोष्ट निराळी. इंग्रजी कोळशाचा एक डबा हाताने जोडला की त्याला कळतं, वाघीण म्हणजे एक तळ, चार भिंती, खाली चौकट आणि चाकं. मग त्याला बॉक्स-एन करायला कंपनीची परवानगी लागत नाही. पुठ्ठा आहे, प्लॅस्टिकचा पातळ पत्रा आहे, पट्टी आहे. खरी बॉक्स-एन या कपलिंगपासून त्या कपलिंगपर्यंत सुमारे १०.७ मीटर. भागिले ८७ केलं की १२.३ सेंटिमीटर. बस्स. ज्याने एकदा जोडलं आहे त्याला मोजता येतं, आणि ज्याला मोजता येतं त्याला यादीत आपलं नाव नसल्याचं दुःख होत नाही.

वजनाचंही तसंच. भरलेली बॉक्स-एन सुमारे ८१ टनांची. आता कुणीही म्हणेल, सत्त्याऐंशी पट लहान केली तर वजनही सत्त्याऐंशी पट कमी. तसं केलंत तर टेबलावरची वाघीण सुमारे नऊशे तीस किलोंची होईल आणि टेबलासकट खालच्या मजल्यावर जाईल. लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात, म्हणून ८७ ने तीनदा भागायचं. उत्तर येतं सव्वाशे ग्रॅमच्या आत. वाण्याकडे मिळणारी चहाची लहान पुडी! प्लॅस्टिकची वाघीण त्याहूनही हलकी असते, म्हणून वळणावर रुळावरून उतरते. मग तिच्या तळात नटबोल्ट लपवून वजन भरावं लागतं. घनमूळ आणि घनफळ शाळेत घोकून जे डोक्यात शिरत नाही ते वाघीण दोनदा उलटली की शिरतं. रेडीमेडमध्ये ते वजन आधीच भरलेलं असतं. म्हणजे उत्तर छापलेलं, गणित गायब.

आणि चौथं चाक! चार चाकांची वाघीण जोडणाऱ्याला विचारा चौथं चाक म्हणजे काय. तीन बिंदू कुठेही ठेवा, ते एका पातळीत असतातच. तिपाई कधी डुगडुगत नाही. भानगड चौथ्याची. केसभर जरी चौकट पिळली तरी चौथं चाक अधांतरी राहतं. म्हणून शहाणा किटवाला काचेच्या तुकड्यावर वाघीण जोडतो, सिमेंट ओलं असतानाच चारी चाकं टेकवतो आणि वाळेपर्यंत हात लावत नाही. हात न लावणं हे या कामातलं सर्वांत अवघड काम. आपल्याकडे लग्नं जमवणाऱ्या मंडळींनीही हे शिकण्यासारखं आहे.

आता विरुद्ध पक्षाचं म्हणणं ऐकतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी निकाल दिला. 'वेळ कुठे आहे?' हा पहिला मुद्दा. एक साधी वाघीण दोन-तीन संध्याकाळींत होते. त्या संध्याकाळी आपण काय करतो हे मोबाइलला विचारा. तो आठवड्याचा हिशेब न मागता देतो. 'डोळे साथ देत नाहीत' हे मात्र मान्य. तीन वर्षांच्या पोराच्या हातात किट देऊ नये हेही मान्य. ते बफर गिळेल. आणि इंजिन तयारच घ्यावं. मोटर, दाते, तारा हा घरगुती मामला नव्हे. पण वाघिणीला मोटर नसते. ती बापडी ओढली जाते. इतक्या गरीब प्राण्यालाही आपण स्वतःच्या हाताने उभं करू नये?

'पैशांचं काय?' असं विचारतात. परदेशी खेळण्यांवरची जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ साली ७०. जकातीच्या पुस्तकात खेळणी आणि लहान मापाची मॉडेलं एकाच ९५०३ क्रमांकाखाली येतात. सरकारला तयार आणि जोडायची यांत फरक दिसत नाही. तो दिसायला हवा, असं मी कोण सांगणार? पण मोठ्या आकड्यावर ७० टक्के आणि लहान आकड्यावर ७० टक्के यातला फरक गृहिणींना दिसतो, आणि पुठ्ठ्यावर तर जकातच नाही. गंमत अशी, की एअरफिक्स ही किटांची नामांकित इंग्रजी कंपनी २००६ साली हॉर्नबीकडे गेली आणि पुढे काही वर्षं तिची किटं चक्क भारतात तयार होत होती. सुटे भाग ओतणारे हात आपले, खोकी भरणारे हात आपले, आणि ती उघडून जोडण्याची मजा मात्र साहेबाची!

इथेच माझं खरं दुखणं आहे. आमच्या तालुक्यातली पोरं आयटीआय करून चाकणला, वाळूजला जातात. दिवसभर साखळीपाशी उभं राहून दुसऱ्याच्या गाड्या जोडतात. एकाने एकच नट आवळायचा, वर्षभर. अख्खी वस्तू आपल्या हाताने पुरी झालेली बघणं त्यांच्या वाट्याला येत नाही. आणि घरी त्यांच्या पोरांना खेळणं येतं ते पार्सलमधून, पुरं झालेलं. म्हणजे बापाला शेवट दिसत नाही आणि पोराला सुरुवात. मधला सगळा भाग, जिथे अक्कल लागते, तो दोघांच्याही हातून गेला.

हा भाग आमच्याकडे नव्हता असं नाही. ज्वारीची काढणी झाली की धाटं सोलून, आतल्या भेंडाचे तुकडे सालीच्या काड्यांनी टोचून पोरं बैलगाडी करत. जू, साटी, चाकं, सगळं. तेच आमचं किट. खोकं नाही, सूचनापत्रक नाही, आणि सुटा भाग हरवला तर शेत समोरच. दिवाळीत अंगणात किल्ला व्हायचा. माती, दगड, पोतं, वर अळीव पेरून केलेलं जंगल, बुरुजावर महाराज. आता बाजारात तयार किल्ला मिळतो. आणा, ठेवा, फोटो काढा, माळ्यावर टाका. तयार किल्ल्याला चिखल लागत नाही हा त्याचा गुण सांगतात. पण अहो, ज्याच्या नखात चिखल गेला नाही त्याला बुरूज कुठे ढासळतो ते कसं कळणार?

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. येत्या सुट्टीत पोराला खोकं देऊ नका. एक पुठ्ठा, एक पट्टी, एक चाकू आणि शेजारी बसायला बाप एवढं द्या. चाकू बापाकडे ठेवा. लांबी १२.३ सेंटिमीटर धरा. पहिली वाघीण वाकडी होईल, दुसरी डुगडुगेल, तिसरीला चारही पाय टेकतील. मेहुण्यांना हे सगळं मी फोनवर ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "एवढं करून शेवगावला रेल्वे येणार आहे का?"

येईल तेव्हा येईल. पण ती आली, की तिची वाघीण रुळावरून का घसरते हे सांगणारी चार पोरं फलाटावर तयार असली म्हणजे झालं.