तोंडी परवानगीची माडी

वडखळ नाक्यावरून जाताना कधी घरांकडे वर बघा. जुन्या घरावर माडी चढलेली, पुढच्या पडवीला शटर लागून दुकान झालेलं, मागे भाड्याच्या दोन खोल्या. डोलवीच्या कारखान्यामुळे भाडेकरू मिळतो, आखातातून पैसा येतो. घर वाढवायला हरकत कुणाची? पण त्यातल्या किती माड्या कागदावर आहेत? ‘सरपंचांशी बोलणं झालंय’ हा कागद नव्हे. घरपट्टीची पावतीही नव्हे. नमुना 8 वर नोंद झाली म्हणजे कर लागला, एवढंच.

24 मार्च 2025 ला नागपुरात दंगलीतल्या एका आरोपीचं घर पाडलं. कारण काय दिलं? मंजूर नकाशा नाही. हायकोर्टाची स्थगिती आली तोवर घर गेलं होतं. 15 दिवसांची नोटीस द्या, म्हणणं ऐकून घ्या, असं सुप्रीम कोर्टाने 13 नोव्हेंबर 2024 लाच बजावलं होतं. ते धाब्यावर बसवणं हा उघड अन्याय आहे. पण तोच निकाल पुढेही वाचा: रस्त्यावर, फुटपाथवर केलेल्या बांधकामाला हे संरक्षण नाही. रस्त्यात सरकवलेला ओटा त्यात कुठे बसतो?

आणि नियम फार जाचक आहेत म्हणावं, तर तसंही नाही. 2021 मध्ये तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी जाहीर केलं की गावात 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायला परवानगी लागणार नाही. मालकीची कागदपत्रं, नकाशे आणि ते नियमात बसत असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा.

मालकीची कागदपत्रं! गाडी इथेच अडते. घर अजून आजोबांच्या नावावर. वारस नोंद केली नाही, कारण ती केली की फुफीचं नाव लागतं, बहिणीचं लागतं. कुरआनने ठरवून दिलेला वाटा बुडवायचा म्हणून आपण कागदच टाळतो, आणि मग कागद नाही म्हणून सरकारपुढे उघडे पडतो. बुलडोझरविरुद्ध स्टेटस ठेवणाऱ्या माझ्या वयाच्या पोरांनी आधी घरातली ही फाइल उघडावी.

जमातीच्या पुढच्या बैठकीत मशिदीच्या रंगकामाआधी एक विषय घ्या: किती घरांची वारस नोंद बाकी आहे आणि ती करताना बहिणींची नावं कोण लावणार आहे.