तारीख मोडली, बाजार गेला

एखादी मोठी कंपनी बसली की आपल्याकडे लगेच म्हटले जाते, "स्वस्त माल आला, महागवाला संपला." भावाला महत्त्व आहे, हे कोणताही दुकानदार मान्य करील. परंतु केवळ भावाच्या फरकाने जमलेला धंदा उठत नाही. जपानच्या सेगा कंपनीचे उदाहरण या दृष्टीने प्रत्येक व्यापाऱ्याने व कारागिराने तपासून पाहण्यासारखे आहे.

सेगा ही टीव्हीला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमची यंत्रे बनविणारी कंपनी होती. १९९० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेच्या बाजारात तिने निन्टेन्डोसारख्या बलाढ्य कंपनीशी बरोबरीची टक्कर दिली होती. या धंद्याची रीत थोडी वेगळी आहे. यंत्रावर नफा थोडा, कधीकधी तोटाच. खरी कमाई त्यावर चालणाऱ्या खेळांची. त्यातले पुष्कळ खेळ बाहेरच्या कंपन्या तयार करतात आणि त्याबद्दल यंत्रवाल्याला हिस्सा देतात. म्हणजे यंत्रवाल्याचा धंदा तिघांच्या भरवशावर चालतो: खेळ बनविणारा कारागीर, विकणारा दुकानदार आणि घेणारे गिऱ्हाईक. सेगाने अवघ्या वर्षभरात या तिघांनाही दुखावले.

सुरुवात गिऱ्हाइकापासून झाली. नोव्हेंबर १९९४ मध्ये सेगाने आपल्या जुन्या यंत्राला जोडावयाचे ३२एक्स नावाचे उपकरण अमेरिकेत १५९ डॉलरला विकावयास काढले. त्याच महिन्यात जपानमध्ये सॅटर्न हे संपूर्ण नवे यंत्र आणले. काही महिन्यांत सॅटर्न अमेरिकेतही आले आणि ३२एक्सला कोणी विचारीना. ज्यांनी हौसेने ते घेतले होते, त्यांचे पैसे अडकले.

नंतर दुकानदारांची पाळी आली. अमेरिकेत सॅटर्न २ सप्टेंबर १९९५ रोजी येणार असे सेगाने जाहीर केले होते. परंतु ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात कंपनीने एकाएकी सांगितले की, माल आजपासूनच मिळेल, किंमत ३९९ डॉलर. सोनीचे प्लेस्टेशन सप्टेंबरमध्ये येणार होते. त्याआधी चार महिने बाजार हाती धरावा, हा हिशेब. पण माल पुरेसा नव्हता. म्हणून तो मोजक्याच साखळी दुकानांना दिला गेला. वॉलमार्ट व बेस्ट बायसारखे मोठे विक्रेते हात चोळीत राहिले. के बी टॉईज या खेळण्यांच्या दुकानांनी तर चिडून सॅटर्न ठेवणेच बंद केले. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, "२९९" एवढाच आकडा बोलले आणि खाली उतरले.

कारागिरांचे हाल त्याहून वाईट झाले. बाहेरच्या कंपन्यांनी आपले खेळ सप्टेंबरच्या हिशेबाने हाती घेतले होते. मे महिन्यात दुकानात आले ते सेगाचेच मोजके खेळ. शिवाय सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर होते. एका मागावर दोन विणकर बसविल्यावर एकाने दुसऱ्यासाठी थांबावे, तसा प्रकार. त्यातून पुरते काम काढून घेणे भल्याभल्यांना जमले नाही. सोनीचे यंत्र समजावयास सोपे होते आणि त्यासोबत कामाची साधनेही चांगली मिळत. कारागीर तिकडे वळले यात नवल नाही.

कोणी म्हणेल, शंभर डॉलरच्या फरकानेच हे झाले. मग पुढे पाहा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेगाने सॅटर्नची किंमत २९९ डॉलरवर आणली. भाव बरोबरीचा झाला, पण दुरावलेला दुकानदार व कारागीर परतला नाही. यंत्रच टाकाऊ होते म्हणावे, तर जपानमध्ये तेच यंत्र चांगले खपले. जगभर विकल्या गेलेल्या सुमारे ९२ लाख यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या जपानमध्ये गेली. प्लेस्टेशनचा खप मात्र पुढे १० कोटींच्या वर गेला.

पत गेल्याची किंमत पुढच्या मालालाही मोजावी लागते. सेगाने १९९९ मध्ये अमेरिकेत ड्रीमकास्ट आणले. यंत्र उत्तम, किंमत १९९ डॉलर, आणि या वेळी जाहीर केलेली तारीखही पाळली. तरी खेळांच्या विषयावर गेम काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीने त्यासाठी एकही गेम काढला नाही. डीव्हीडी चालविणारे प्लेस्टेशन २ येणार म्हणून गिऱ्हाईकही थांबून राहिले. अखेर ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने यंत्रांचा धंदा सोडण्याचे जाहीर केले. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी मृत्यूपूर्वी आपले कोट्यवधी डॉलरचे समभाग कंपनीला देऊन टाकले. त्या पैशाने कंपनी तगली, पण यंत्रांचा बाजार काही परत मिळाला नाही. आज सेगा इतरांच्या यंत्रांसाठी खेळ बनविते, सोनीसाठीसुद्धा!

आपला व्यवहार डॉलरचा नसेल, पण तो याच तीन माणसांवर उभा आहे. ईदच्या तोंडावर माल कमी पडला, तर दोन मोठ्या दुकानांना सगळा देऊन बाकीच्यांना परत पाठविण्यापेक्षा सर्वांना थोडाथोडा द्यावा. कारखान्यात नवे यंत्र बसविण्यापूर्वी ते चालविणाऱ्या हातांना विचारावे. नवा माल काढताना, काल ज्याला जुना विकला त्याची काही सोय लावावी. आणि शेजारचा स्पर्धक पुढे जाईल या भीतीने दिलेली तारीख मोडू नये. चार महिने उशिरा आलेला सोनी जिंकला, ही गोष्ट घाई करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.