डव्ह नदीवरची कृत्रिम माशी

आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ (१६५३) या ग्रंथाकडे केवळ रम्य ग्रामचित्र म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती आणि वॉल्टन पराभूत राजपक्षाचा होता. त्याच्या नदीकाठची शांतता हरलेल्या माणसाने जाणूनबुजून निवडलेली आहे.

या शांततेला ज्ञानाची जोड दिली ती त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने. डर्बीशायर आणि स्टॅफर्डशायर यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या डव्ह नदीच्या नितळ पाण्यात ट्राउट कसा पकडावा, हे त्याने १६७६च्या आवृत्तीला जोडलेल्या भागात सांगितले. कोणत्या महिन्यात कोणता कीटक पाण्यावर येतो आणि त्याची प्रतिकृती करण्यासाठी गळाला कोणते पीस, कोणती लव बांधावी, याची महिनावार यादी त्यात आहे.

ही यादी तांत्रिक म्हणून वगळणारा वाचक ग्रंथाचा गाभाच गमावतो. माशाला चकवण्यासाठी कॉटनला आधी माशाच्या नजरेने नदी पाहावी लागली. निसर्गलेखन शिकवताना आपण बहुधा विशेषणांपाशी रेंगाळतो. त्याऐवजी ही यादी वर्गात वाचावी. पाहणे म्हणजे काय, ते विद्यार्थ्यांना तिथे दिसेल.